उपनगरातलं नवं भुयारी मेट्रो स्थानक: पुरेसे प्रवासी येतील का, हे आधी कसं ताडायचं?

नकाशाकार (धागाकर्ता)

उपनगरात भुयारी स्थानक जाहीर झालं की चर्चेत दोन तट पडतात. एक म्हणतो, "इथे चढणार कोण?" दुसरा म्हणतो, "स्थानक होऊ द्या, वस्ती आपोआप येईल." दोघांनीही आकडेमोड केलेली नसते. ती घरबसल्या बऱ्यापैकी करता येते, म्हणून हा धागा. पद्धत मांडतो, चुका जाणकारांनी दाखवाव्यात.

स्थानकाच्या दाराभोवती ८०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढतात. साधारण दहा मिनिटांची चाल. क्षेत्रफळ २०१ हेक्टर. पण माणूस पक्ष्यासारखा उडत येत नाही. मधे नाला, महामार्ग, भिंतीआडची वसाहत, बंद टोकाची गल्ली असते. म्हणून रस्त्यांच्या जाळ्यावरून मोजावं: दारापासून प्रत्यक्ष ८०० मीटर चालून कुठवर पोचता येतं? चौकटीच्या रस्त्यांच्या गावठाणात वर्तुळाचा ६० टक्क्यांहून जास्त भाग हाती लागतो. बंद गल्ल्यांच्या उपनगरात तो ३० टक्क्यांवर येतो.

उदाहरणासाठी गृहीत आकडे घेऊ. वर्तुळाचा ५५ टक्के भाग चालण्याजोगा, म्हणजे ११० हेक्टर. हेक्टरी १०० रहिवासी आणि ५० नोकऱ्या. ११,००० रहिवासी, माणशी रोज २.५ फेऱ्या (एका बाजूचा प्रवास म्हणजे एक फेरी), त्यातल्या १२ टक्के मेट्रोने: ३,३०० फेऱ्या. ५,५०० नोकऱ्यांपैकी रोज ८० टक्के हजर, येणं-जाणं मिळून ८,८०० फेऱ्या, त्यातल्या १५ टक्के मेट्रोने: १,३२०. एकूण सुमारे ४,६००.

हा आकडा दारातून आत-बाहेर जाणाऱ्यांचा आहे. नुसते आत शिरणारे २,३००. अहवालात एका पानावर "प्रवेश" आणि दुसऱ्या पानावर "प्रवेश अधिक निर्गम" लिहिलेलं असतं आणि वाचणारा दोन्ही शेजारी ठेवतो. तिथेच निम्म्या चर्चा भरकटतात.

आता एकही नवी इमारत न बांधता नाल्यावर पादचारी पूल आणि दोन वसाहतींच्या भिंतींत फाटकं केली, चालण्याजोगा भाग ७५ टक्के झाला, तर तेच गणित ६,३०० वर जातं. ३६ टक्के वाढ. अंदाज वाचताना मी आधी हा नकाशा शोधतो. तो नसेल तर पुढच्या आकड्यांवर माझा भरवसा बसत नाही.

---

पूर्वानुमान

पद्धत ठीक आहे, पण १२ आणि १५ टक्के कुठून आले हाच खरा प्रश्न. ते हिश्शाचे आकडे गाभ्याचे आहेत आणि ते ठिकाणानुसार ५ पासून ४० पर्यंत कुठेही असू शकतात.

प्रवासी-अंदाजाच्या रीतसर प्रतिमानात, म्हणजे गणिती मॉडेलमध्ये, चार पायऱ्या असतात: फेऱ्या किती निर्माण होतात, कुठून कुठे जातात, कुठल्या साधनाने जातात, कुठल्या मार्गाने जातात. तिसऱ्या पायरीत दाराशी-दार वेळ आणि खर्च यांची तुलना होते. त्यात प्रत्येक मिनिट सारखं धरत नाहीत. गाडीत बसलेलं मिनिट एक धरलं तर चालण्याचं आणि थांबण्याचं मिनिट साधारण दीड ते दुप्पट जड. शिवाय दर गाडीबदलाला पाच ते दहा मिनिटांचा दंड लावतात.

यावरून उपनगरी स्थानकाची अडचण कळते. समजा, गाडीत २५ मिनिटं, घरापासून चालणं १०, फलाटावर ४, उतरल्यावर चालणं ६. घड्याळाने ४५ मिनिटं. पण २५ + (२० × २) म्हणजे माणसाला ती ६५ वाटतात. मधे एक गाडीबदल आला की ७० ते ७५. स्वतःच्या वाहनाने ४० मिनिटं लागत असतील आणि कामाच्या ठिकाणी वाहन फुकट लावता येत असेल, तर लोक मेट्रोत येणार नाहीत. म्हणून मी स्थानकाभोवतीच्या वस्तीइतकंच दुसऱ्या टोकाकडे बघतो: तिथे वाहन लावायला जागा आहे का, किती पैसे पडतात, कचेऱ्या दारापासून किती लांब?

२००५ मध्ये १४ देशांतल्या २१० वाहतूक प्रकल्पांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रेल्वे प्रकल्प २७ होते. दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत अंदाज फुगलेला निघाला, आणि सरासरीने अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीहून थोडा जास्त होता. रस्त्यांच्या बाबतीत असा एका बाजूला झुकलेला कल दिसला नाही. म्हणून स्थानकाच्या अहवालातला आकडा वाचताना मी तो निम्मा करूनही प्रकल्प तग धरतो का, ते आधी पाहतो.

फुगवटा शिरण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. नियोजित बांधकाम पहिल्याच वर्षी पूर्ण वस्तीसह धरलेलं असतं. स्थानकापर्यंत आणून सोडणाऱ्या जोडबसगाड्या दर पाच मिनिटांनी धरलेल्या असतात, पण त्यांचा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. मेट्रोचं भाडं कायम आणि इंधन महाग होत जाणार, असं धरलेलं असतं. परिशिष्टातली गृहीतकं वाचा, सारांश नंतर.

---

वेळापत्रक

एक भेद सुरुवातीलाच करायला हवा. मार्ग पुढे वाढवून केलेलं टोकाचं स्थानक वेगळं आणि चालू मार्गावर दोन स्थानकांच्या मधे घातलेलं स्थानक वेगळं. दुसऱ्या प्रकारात जुन्या प्रवाशांचं नुकसान मोजावं लागतं आणि ते बहुतेक चर्चांत कुणी मोजत नाही.

गाडी ताशी ८० किमीने, म्हणजे सेकंदाला २२.२ मीटरने चालली आहे. वेग घेणं आणि ब्रेक लावणं दोन्ही १ मीटर प्रति सेकंद वर्ग. थांबायला २२ सेकंद, पुन्हा वेग घ्यायला २२. तेवढंच अंतर न थांबता कापलं असतं तर २२ सेकंद लागले असते. म्हणजे निव्वळ तोटा २२ सेकंद, अधिक दारं उघडी राहण्याचे ३०. एकूण ५२ सेकंद.

त्या टप्प्यावरून रोज ४०,००० प्रवासी पुढे जात असतील, तर ४०,००० × ५२ सेकंद म्हणजे रोज सुमारे ५७८ माणूस-तास गेले. नव्या स्थानकामुळे ५,००० फेऱ्यांना प्रत्येकी ७ मिनिटं वाचली तर ५८३ तास मिळाले. जवळपास बरोबरी. म्हणून मार्गाच्या टोकाजवळ, जिथे पुढे जाणारे थोडे असतात, तिथे मधलं स्थानक कमी प्रवाशांवरही परवडतं. शहराच्या जवळ, जिथे गाडी भरून पुढे जाते, तिथे तेच स्थानक दुप्पट प्रवासी असले तरी तोट्याचं ठरू शकतं.

शिवाय जाऊन-येऊन १०४ सेकंद वाढतात. टोकाला गाडी वळवण्यात तेवढा मोकळा वेळ नसेल, तर गाड्यांमधलं अंतर तेच ठेवायला एक जादा गाडी लागते. तिचा खर्च त्या स्थानकाच्या खात्यावर धरायला हवा.

---

फीडर

चालत येणारेच मोजले तर उपनगरातलं कुठलंच स्थानक पास होणार नाही. लंडनचं नॉर्थ ग्रिनिच १९९९ मध्ये उघडलं तेव्हा आजूबाजूला मुख्यतः जुन्या गॅस कारखान्याची रिकामी जमीन होती. तरी ते चाललं, कारण वरच मोठं बसस्थानक बांधलं आणि आग्नेय लंडनचे बसमार्ग तिथे आणून सोडले. टोरांटोची उपनगरी स्थानकं दशकानुदशकं याच पद्धतीवर चालली आहेत: बस थेट तिकीटक्षेत्राच्या आत येते, प्रवासी उतरून जिना उतरला की फलाट.

बस जोडणीत काय बिघडतं, ते सांगतो.

बस थांबा दारापासून ५०-६० मीटरच्या आत आणि रस्ता न ओलांडता हवा. १५० मीटर लांब आणि मधे सिग्नल असेल तर चालण्यात दीड-दोन मिनिटं आणि सिग्नलला एक, वर म्हटल्याप्रमाणे ती दुप्पट जड.

बस दर दहा मिनिटांपेक्षा विरळ असेल तर वेळापत्रक मेट्रोशी जुळवावंच लागतं. संध्याकाळी परतताना हे जास्त जाणवतं. सकाळी मेट्रो चुकली तरी तीन-चार मिनिटांत पुढची मिळते. संध्याकाळी मेट्रोतून उतरल्यावर बस चुकली तर वीस मिनिटं उभं राहावं लागतं. माणूस सकाळी निघतानाच संध्याकाळचा विचार करतो आणि गाडी काढतो.

जुने मार्ग स्थानकात आणताना थेट शहरात जाणारी बस तोडली जाते. बसलेल्या माणसाला उठवून गाडी बदलायला लावणं, त्यात जागा मिळेल याची खात्री नाही, हे लोकांना पटत नाही. नवा प्रवास एकूण निदान दहा मिनिटांनी लवकर होत नसेल तर ती बस आधी वर्षभर राहू द्यावी.

आणि भाडं. टोरांटोचा मार्ग १७ डिसेंबर २०१७ ला शेजारच्या वॉन शहरापर्यंत वाढला: ८.६ किमी, सहा स्थानकं. त्यातलं एक यॉर्क विद्यापीठाच्या आवारात. पुढे बाहेरच्या उपनगरांतून येणाऱ्या बसगाड्या आवारात यायच्या थांबल्या आणि प्रवासी आधीच्या स्थानकांवर उतरू लागले. उरलेल्या एक-दोन स्थानकांसाठी मेट्रोचं वेगळं भाडं. रूळ होते, गाड्या होत्या, विद्यार्थी होते, पण भाड्याची भिंत मधे होती. एकत्र भाड्याची योजना २६ फेब्रुवारी २०२४ ला आली. ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

---

फलाट_तीन

प्रश्न: एवढी बसची कसरत करण्यापेक्षा मोठा वाहनतळ का बांधू नये? उपनगरात लोकांकडे गाड्या आहेतच. पहिल्या दिवसापासून प्रवासी मिळतील.

---

नगररचना

@फलाट_तीन, मिळतील हे खरं आहे आणि ते मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

जमिनीवरच्या वाहनतळात एका गाडीला, मधल्या वाटा धरून, २५ ते ३० चौरस मीटर लागतात. एका हेक्टरात ३५०-४०० गाड्या. गाडीमागे १.१ माणूस धरला तर सुमारे ४०० माणसं, ८०० फेऱ्या. त्याच हेक्टरावर मध्यम उंचीची १५० घरं बांधली तर साधारण ३७५ माणसं, माणशी २.५ फेऱ्या, अगदी दाराशी असल्यामुळे २५ टक्के मेट्रोने: २३५ फेऱ्या. नुसत्या फेऱ्या मोजल्या तर वाहनतळ घरांना हरवतो.

पण वेळ बघा. वाहनतळ सकाळी साडेसात-आठला भरला की दिवस संपला. त्यानंतर येणाऱ्याला जागा नाही, म्हणून दुपारभर स्थानक ओस. सगळ्या ८०० फेऱ्या गर्दीच्या वेळी, गर्दीच्या दिशेने, आधीच भरलेल्या गाडीत. त्यांच्यासाठी जादा गाडी लागते. तिथे कचेऱ्या आणल्या, हेक्टरावर २०,००० चौरस मीटर बांधकाम, माणशी २० चौरस मीटर, म्हणजे १,००० नोकऱ्या, २५ टक्के मेट्रोने: ५०० फेऱ्या, आणि त्या उलट दिशेने रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांत. त्या प्रवाशांसाठी मेट्रोला जवळपास काहीच जादा खर्च नाही. शाळा, महाविद्यालय, रुग्णालय आणखी चांगले, कारण त्यांची वर्दळ दिवसभर पसरते.

टोकाच्या स्थानकावर वाहनतळ ठेवा, पण दारापासून ३०० मीटरवर आणि पुढे बांधकामाला देता येईल असा. दाराला लागून असलेली सर्वांत मौल्यवान जमीन थांबलेल्या गाड्यांना दिली की पुढची पन्नास वर्षं ती सुटत नाही.

स्टॉकहोमजवळचं व्हेलिंग्बी याच विचाराने आखलं होतं. मेट्रो १९५२ मध्ये, उपनगराचं केंद्र १९५४ मध्ये. काम, घर आणि बाजारपेठ तिन्ही स्थानकाभोवती, उंच इमारती दाराजवळ आणि बाहेर जाता जाता बुटक्या. राहणारे बरेच जण कामाला बाहेर गेले आणि बाहेरचे तिथे कामाला आले. त्यामुळे गाड्या दोन्ही दिशांनी भरल्या, आणि मेट्रोला हेच हवं असतं.

---

पूर्वानुमान

वरच्याला जोडून जागा निवडण्याविषयी. वॉशिंग्टनलगतच्या आर्लिंग्टनमध्ये मेट्रो महामार्गाच्या मधल्या पट्ट्यातून नेणं स्वस्त पडलं असतं. स्थानिक प्रशासनाने आग्रह धरून ती जुन्या बाजाररस्त्याखालून नेली. बॉलस्टनपर्यंतचा भाग डिसेंबर १९७९ मध्ये सुरू झाला, आणि स्थानकांभोवती पाव मैलात दाट बांधकाम, बाहेर जुनी घरं तशीच, असा आराखडा प्रशासनाने दशकानुदशकं बदलला नाही. महामार्गाच्या मधल्या स्थानकाचं नुकसान भूमितीतच असतं: ८०० मीटरपैकी दोन्ही बाजूंचे पहिले शंभर-दीडशे मीटर डांबर आणि उतार-वळणांत जातात, आणि उरलेल्या भागात पादचारी पुलावरून गोंगाटात चालत जावं लागतं.

---

बोगदा_आणि_पेटी

मला "पुरेसे" या शब्दाबद्दल बोलायचं आहे, कारण त्याचे दोन अर्थ आहेत आणि निर्णयही दोन आहेत. एक, स्थानक बांधावं का. दोन, ते उघडावं केव्हा.

बोगदा जात असताना स्थानकाची पेटी (फलाट आणि जिने मावतील असा भुयारी खोका) न बांधता पुढे गेलात, तर नंतर स्थानक घालणं फार अवघड. फलाटाच्या लांबीभर रूळ सरळ आणि जवळपास सपाट हवेत. वळणावर फलाट आला तर डबा आणि फलाट यांच्यात फट पडते, चढावर आला तर चाकांच्या खुर्च्या आणि बाबागाड्या घरंगळतात. बोगद्याची रेषा नंतर बदलता येत नाही. चालू बोगद्याभोवती खणायचं तर काम रात्रीच्या तीन-चार तासांत, वर्षानुवर्षं. म्हणून शंका असेल तिथे मधला मार्ग: रेषा सरळ-सपाट ठेवा, पेटीचं कवच बांधा, बाकी सोडा. सरकते जिने, वातानुकूलन, दरवाजे, प्रवेशद्वारं नंतर.

सिंगापूरने हे उघडपणे केलं. नॉर्थ ईस्ट मार्ग २० जून २००३ ला सुरू झाला, पण बुआंगकोक आणि वुडली ही दोन बांधलेली स्थानकं बंद ठेवली, कारण भोवती वस्ती पुरेशी नव्हती. २००५ मध्ये बुआंगकोकच्या रहिवाशांनी पांढऱ्या हत्तींचे पुठ्ठ्याचे पुतळे रस्त्याकडेला उभे करून निषेध केला. स्थानक १५ जानेवारी २००६ ला उघडलं. वुडली थेट २० जून २०११ ला, आठ वर्षांनी.

उलट टोकाला स्टॉकहोमचं चिमलिंगे. सत्तरच्या दशकात कवच बांधलं, अपेक्षित कचेऱ्या आल्या नाहीत, गाड्या अजून न थांबता जातात. स्थानक वाया गेलं असं कुणी म्हणेल, पण पूर्ण सजवून रोज चालवण्यापेक्षा कवच ठेवणं कितीतरी कमी खर्चाचं. भुयारी स्थानकाचा रोजचा खर्च प्रवाशांवर फारसा अवलंबून नसतो: वायुवीजन, पाणी उपसणारे पंप, दिवे, जिने, लिफ्ट, अग्निसुरक्षा, पहारा. पाचशे आले काय किंवा दहा हजार आले काय, पंखे तेवढेच फिरतात.

---

फीडर

@बोगदा_आणि_पेटी, यात एक धोका आहे. बंद स्थानकाभोवती राहायला आलेला माणूस पहिल्याच वर्षी गाडी विकत घेतो. एकदा गाडी दारात उभी राहिली की आठ वर्षांनी स्थानक उघडल्यावर तो सहज परत येत नाही. लवकर उघडण्याचीही किंमत असते, पण उशिरा उघडण्याचीही असते, आणि ती अहवालात दिसत नाही.

चीनमधल्या चोंगचिंगचं त्साओच्यावान स्थानक बघा. २०१५ मध्ये उघडलं तेव्हा दारं गवताळ रानात निघत होती, धड रस्ताही नव्हता. २०१७ मध्ये त्याची छायाचित्रं जगभर फिरली. नंतर रस्ते आले आणि वस्तीही येऊ लागली. तिथे पहिल्या येणाऱ्या माणसाला मेट्रो तयार मिळाली.

---

बोगदा_आणि_पेटी

मान्य, पण ते तिथे चाललं कारण जमीन आणि आराखडा एकाच हातात होता आणि बांधकाम येणार हे ठरलेलं होतं. कोपनहेगनच्या ओरेस्टॅडमध्येही मेट्रो आधी, ऑक्टोबर २००२ मध्ये आली, आणि जमीन विकून तिचा खर्च भागवायचा होता. बांधकाम अपेक्षेपेक्षा मंद झालं आणि सुरुवातीची वर्षं प्रवासी अंदाजाहून कमी राहिले. कर्ज फेडायला जास्त काळ लागणार हे तिथेच कळलं. म्हणून माझी अट अशी: परवानगी मिळालेली नव्हे, पाया भरलेली घरं मोजा. त्यांतली निम्मी दोन वर्षांत राहायला तयार होणार असतील तर स्थानक उघडा.

---

नकाशाकार

ही अट मला आवडली. पाया भरलेली घरं कुणालाही फिरून मोजता येतात.

एक उरलेला मुद्दा: खोली. सरकता जिना सेकंदाला अर्धा मीटर सरकतो, ३० अंशांच्या चढाने उभ्या दिशेत पाव मीटर. ३० मीटर खोल फलाटाला नुसत्या जिन्यावर दोन मिनिटं, मधले मजले आणि मार्गिका धरून चार. म्हणजे दहा मिनिटांच्या पल्ल्यातली चार खालीच गेली. वर चालायला सहा उरली, ८०० मीटरचे ४८० झाले. क्षेत्रफळ २०१ हेक्टरांवरून ७२ वर, जवळपास तिसऱ्या हिश्शावर. खोल स्थानकाचा अंदाज ८०० मीटरच्या वर्तुळावर काढला असेल तर तो तिथेच चुकला.

उपाय म्हणजे फलाटाच्या दोन्ही टोकांना दारं. फलाट १८० मीटरचा असेल तर दुसरं दार निदान तेवढ्या अंतरावर निघतं आणि रस्त्यापलीकडे काढलं तर सिग्नलही टळतो. खर्च वाचवताना हेच दार पहिल्यांदा कापतात. ते कापलं की अंदाजही नव्याने काढा, असा आग्रह हरकती-सूचनांच्या वेळी लेखी नोंदवता येतो.

---

वेळापत्रक

उघडल्यानंतरच्या मोजणीबद्दल. पहिल्या महिन्यातला आकडा कुठल्याच बाजूने वापरू नका, बघ्यांची गर्दी असते. स्थिर व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, कारण लोक घर किंवा नोकरी बदलताना सवय बदलतात. सुट्ट्या नसलेल्या महिन्यातला मंगळवार ते गुरुवार घ्या. घरून काम वाढल्यापासून सोमवार-शुक्रवार वेगळे वागतात, त्यांची नोंद वेगळी ठेवा.

दरवाजांच्या नोंदीसोबत शेजारच्या दोन्ही स्थानकांचेही आकडे काढा. नवं स्थानक ४,००० दाखवतंय आणि शेजारची मिळून २,५०० ने घटली, तर नवे प्रवासी १,५०० च. मात्र त्या २,५०० जणांचं चालणं कमी झालं, तो लाभ खरा आहे, तो वेगळ्या रकान्यात लिहा.

आणि तासवार आलेख बघा. सकाळी उंच सुळका आणि दिवसभर सपाट असेल तर दुपारच्या जोडबसगाड्या आणि भोवतालचा जमीनवापर तपासा. दिवसभर बरा पण सकाळीच कमी असेल तर बहुधा गाडी आधीच भरून येते आणि लोकांना चढता येत नाही. अशा वेळी एक-दोन गाड्या टोकाऐवजी या स्थानकाच्या आधीच्या वळणफाट्यावरून (गाडी उलट फिरवण्याच्या जागेवरून) रिकाम्या सोडून बघतात. वळणफाटा कुठे आहे ते मात्र बांधणीच्या वेळीच ठरलेलं असतं.

---

फलाट_तीन

वाहनतळाचं उत्तर पटलं. आमच्या गटाने हरकतींच्या मसुद्यात आता चार मागण्या घेतल्या आहेत: रस्त्यांच्या जाळ्यावरून काढलेला चालण्याचा नकाशा, दुसऱ्या टोकाचं दार, जोडबसचा वार्षिक खर्च कोण देणार याची लेखी तरतूद, आणि बस-मेट्रोचं एकच भाडं. मुदत संपायच्या आत पाचवी कुणाला सुचत असेल तर सांगा.

---

पूर्वानुमान

पाचवी: अंदाजाच्या निम्मे प्रवासी आले तर काय करणार, कुठल्या गाड्या कमी होणार आणि तूट कोण भरणार, हे अहवालात लिहून द्यावं.